नैवेद्याला जेवण म्हणत नाहीत

साल दोन हजार चौदा, चैत्र महिना. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. पुढं जे लिहितोय ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, ती जाईपर्यंत नाही. मुलाला नाही. टेकडीवरच्या देवीसमोर उभा राहिलो की मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागतो, म्हणजे हा विषय निघायला नको. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगता येईल असं वाटतं. बघू.

मी चौथी शिकलोय, तीही हिंदी शाळेत. मराठी अक्षर वडलांनी गिरवून घेतलं, ते सामानाच्या याद्या लिहिता याव्यात म्हणून. तेव्हा चुका सापडतील. सापडू देत. मराठीत लिहितोय त्याला कारण आहे. आमच्या घरात मराठी बोलतात, पण वाचायला बसलं की सगळे दमतात. नात परवा वही बघून म्हणाली, "आबा, हिंदी में लिखो ना, ये कौन पढ़ेगा?"

तेच तर.

आता मी कोण ते सांगतो. त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझे आजोबा देवासच्या दरबारात मुदपाकखान्यात होते. मुदपाकखाना म्हणजे राजाचं स्वयंपाकघर. देवासला राजघराणी दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती; त्यातल्या कुठल्या, ते विचारू नका, त्यावरून आमच्या घरात अजून रुसवे होतात. राज्य गेलं, दरबार गेला, आमच्याकडं एक पितळी डबा राहिला. हाताच्या वितीएवढा उंच, झाकणाला कडी, कडीवर वेल कोरलेली. आजोबा त्यातून देवीचा नैवेद्य न्यायचे, मग वडील न्यायला लागले, मग मी. मी लग्नाकार्यात स्वयंपाक केला, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये केला, कुठंही गेलो तरी अष्टमीला पुरण त्याच डब्यात. मला लोक भाऊ म्हणतात. हिंदी बोलणारे महाराज म्हणतात, इकडं आचाऱ्याला महाराजच म्हणतात. खोटं कशाला बोलू — तो शब्द मला आवडायचा. आजोबा राजाला महाराज म्हणायचे, आणि मला सगळं गाव म्हणतं.

हे असं मी फिरून फिरून लिहितोय. कळतंय मला. थांबा.

दाणी साहेब नावाचे एक गृहस्थ होते. कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, मूळचे नाशिककडचे, नोकरीसाठी देवासला आलेले. त्यांना पक्षी बघायचं वेड. दरवर्षी ओळखीची सात-आठ कुटुंबं गोळा करून तीन दिवस कुठंतरी तंबू ठोकायचे. सगळी आपली मराठी माणसं. स्वयंपाकाला मी. त्या वर्षी त्यांनी कन्नौदच्या पुढचं जंगल धरलं. चैत्रात सागाची पानं गळालेली असतात, झाडं उघडी पडतात, पक्षी लपत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पण त्याच दिवसांत मोहाची फुलं गळतात, आणि मोहाच्या फुलांसाठी अस्वलं येतात, हे त्यांना तिथं गेल्यावर कळलं. सांगितलं बाबूलालनं.

बाबूलाल तिथला कोरकू आदिवासी, जंगलाच्या कडेच्या गावातला. पन्नाशीचा असेल. बारीक, काळा, डोक्याला मळका पंचा. वाटाड्या म्हणा, राखणदार म्हणा, सगळं तोच होता. तंबू ठोकायच्या आधीच तो हात मागं बांधून उभा राहिला आणि त्यानं कायदे सांगितले. चूल तंबूंपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. खायचा एक दाणा तंबूत ठेवायचा नाही. पोरांच्या खिशातली गोळीसुद्धा नाही. जेवणं झाली की भांडी लगेच घासायची, खरकटं झाकणाच्या पिंपात. स्वयंपाकाचे कपडे घालून झोपायचं नाही. आणि सगळा शिधा — पीठ, गूळ, तूप, कांदे, सगळा — पोत्यांत बांधून वर टांगायचा. तंबूंपासून शंभर पावलांवर त्यानं दोन साग हेरले होते, मधे दोर ताणला होता. झाडाला बांधून उपयोग नाही, म्हणाला, अस्वल माणसापेक्षा लवकर झाड चढतं. दोराच्या मधोमध पाहिजे, दोन माणसं उंच, म्हणजे खालून हात पुरायचा नाही आणि वरून पाय टेकायचा नाही.

आज मला दिसतं, त्याचा प्रत्येक शब्द बरोबर होता. तेव्हाही दिसत होतं. तेच तर वाईट.

मला काय टोचलं सांगू? कायदे नाही टोचले. मी पोती बांधली, त्यानं ओढली, सगळं नीट झालं. मग मी हात पुसत उभा होतो, सगळी मंडळी चहा पीत होती, आणि हा जवळ आला, नाक वर केलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "महाराज, तमारा हाथ में से घी की बास आइरी है. राख से धोई लो."

दाणी वहिनी हसत म्हणाल्या, "धुवा हो भाऊ. अस्वल आलं तर तुमच्याच पोळ्या शोधत येईल, आमच्या हातच्या माणसं खात नाहीत!"

सगळे हसले. वहिनींनी खरं तर माझं कौतुकच केलं होतं. पण हसणं माझ्या कानात राहिलं. ज्याच्या हातचं पाणी आमच्या घरात कुणी घेतलं नसतं, त्या माणसानं माझ्या हाताचा वास घ्यावा? माझ्या? मी हात धुतले. राखेनं धुतले. धुताना वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सप्तमी. माझी अष्टमीची तयारी. संध्याकाळी उजेड होता तोवर मी वेगळ्या चुलीवर सोवळ्यात पुरण शिजवलं. हरभऱ्याची डाळ, गूळ, जायफळ, वरून तूप. नैवेद्य अष्टमीला सकाळी आंघोळ करून दाखवायचा, तोवर त्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही, आणि आमच्यात आंघोळीपासून नैवेद्य होईस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. आजोबांपासून तसं. पुरण डब्यात भरलं, कडी लावली.

आता तो डबा कुठं ठेवायचा?

दोरावर? कांद्याच्या पोत्याशेजारी? बाबूलालनं आपल्या हातानं ओढून वर चढवलेला? नाही जमायचं. एक भांड्यांचा तंबू होता. मोठी पातेली, पाण्याचे कॅन, दोर, कंदील, असलं सामान. त्यात खायचं काही नसायचं, म्हणून बाबूलाल त्याच्याच दाराशी खाट टाकून झोपायचा. त्या तंबूला धोका नाही, असं त्याच्या हिशोबानं होतं. मी डबा सोवळ्याच्या धाबळीत गुंडाळला — धाबळी म्हणजे लोकरीचं वस्त्र, आम्ही सोवळ्याला नेसतो — आणि सगळ्यात मोठ्या पातेल्यात ठेवून वर ताट झाकलं.

दिवस मावळताना बाबूलाल आदल्या दिवसासारखाच दोराखाली उभा राहिला. एकेक पोतं मोजलं. शेवटी स्वतःची झोळी बांधली. सकाळी वेचलेली मोहाची फुलं होती तिच्यात, बायकोसाठी. स्वतःची फुलंही तो वर टांगत होता. हे लक्षात ठेवा. मीही विसरलेलो नाही.

मग त्यानं मला विचारलं, "खाने को सब टांगी दियो नी, महाराज?"

मी म्हणालो, "सब."

आता तुम्ही म्हणाल, हा खोटं बोलला. थांबा जरा. बारा वर्षं मी स्वतःशी याच एका शब्दावर वाद घातलाय. त्यानं काय विचारलं? खायचं टांगलं का. आणि नैवेद्य खायचा असतो का? देवाला दाखवेपर्यंत नैवेद्याला कुणी जेवण म्हणत नाही. आमच्या घरात पोरानं चुकून 'पुरण खायला कधी' म्हटलं तरी वडील फटका द्यायचे. म्हणजे मी खोटं बोललो नाही. शब्दाला शब्द बरोबर होता. असं मी देवळाच्या पायऱ्या चढताना म्हणत आलो, भाजी निवडताना म्हणत आलो. किती वर्षं चालतं असं? बरीच चालतं.

पण अस्वलाला सोवळं कळतं का?

आणि दुसरं. देवीचं नाव मी पुढं करतोय, पण वडील जंगलात असते तर त्यांनी काय केलं असतं? मला ठाऊक आहे. धाबळीत गुंडाळून, आपल्या हातानं, वेगळ्या दोरानं वर बांधला असता. जसा मुलूख असेल तसं सोवळं, असं ते म्हणायचे. माझ्याकडं दोर होता. अख्खा तंबू दोरांनी भरला होता. मी नाही बांधला. कारण बाबूलालनं सांगितलेलं सगळंच्या सगळं ऐकायचं नव्हतं मला. एक तरी गोष्ट माझ्या मनानं राहायला पाहिजे होती. एवढंच होतं ते. देवी बिचारी त्यात कुठं नव्हती.

सकाळी तांबडं फुटायच्या बेताला मी ओढ्यावर गेलो. एकट्यानं ओढ्यावर जायचं नाही, हाही त्याचा कायदा होता, तोही मोडला. पाणी गार होतं. मी दोन तांबे अंगावर घेतले आणि मौन धरलं. ओढा भांड्यांच्या तंबूपासून फार तर पन्नास पावलं. मधे करवंदीच्या जाळ्या.

भांड्याचा आवाज आला. ताट पडल्याचा.

मला वाटलं, वारा असेल. खरंच वाटलं का? पुढच्याच क्षणाला पातेलं घरंगळल्याचा आवाज आला, आणि वाऱ्यानं ते पातेलं हलत नाही, ते हलवायला दोन माणसं लागतात. मग खाट करकरली. बाबूलाल उठला असणार. आणि त्याचा आवाज आला, झोपेतला, अगदी साधा —

"महाराज? इत्ती जल्दी?"

त्याला वाटलं, आत मी आहे. त्या तंबूत दुसरं कोण जाणार? खायचं तर काही नव्हतंच आत. मीच सांगितलं होतं.

मी ओढ्यात उभा होतो. गुडघ्याएवढ्या पाण्यात. मला त्याची हाक स्पष्ट ऐकू आली. मी नुसतं 'ओ' म्हणालो असतो तरी आवाज ओढ्याकडून आला असता, आणि जंगलात जन्मलेल्या त्या माणसाला एका क्षणात कळलं असतं की आत जे आहे ते महाराज नव्हे. एक 'ओ'. त्याला श्वासही लागत नाही.

मी मौन मोडलं नाही.

का? मला हे तुम्हाला नीट सांगता यायला पाहिजे, त्यासाठीच बसलोय, पण सांगता येत नाही. सोवळं होतं. सवय होती. आणि — लिहूनच टाकतो — त्यानं मला हाक मारावी आणि मी उत्तर देऊ नये, यात मला बरं वाटलं. डोळ्याचं पातं लवेल एवढा वेळ. त्यानं पुन्हा एकदा हाक मारली. "महाराज?" मग तंबूचं कापड उचलल्याचा आवाज आला.

पुढचं मी बघितलं नाही, ऐकलं. ते लिहीत नाही.

मंडळी ओरडत बाहेर आली, कुणी थाळ्या बडवल्या, अस्वल पळालं. मी ओल्या अंगानं धावत आलो तेव्हा दाणी साहेब बाबूलालचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि वहिनी त्याच्या तोंडावर चादर दाबून धरत होत्या. चादरीखाली तोंड होतं की नाही ते कळत नव्हतं. तो ओरडत नव्हता. त्याचा एक हात माती चाचपत होता, सारखा, काहीतरी हरवल्यासारखा. चार पुरुषांनी त्याला उचलून जीपकडं नेलं. सगळी माणसं जीपकडं गेली. बायका पोरांना पोटाशी धरून तिकडंच.

आणि मी? मीही गेलो असतो. पण मला डबा दिसला.

तंबूचं मागचं कापड अस्वलानं फाडलं होतं, त्याच्या बाहेर गवतात पडला होता. कडी तुटलेली, झाकण लांब. आत पुरणाचा कण नव्हता, चाटून लख्ख केला होता. एका अंगाला दातांची दोन भोकं. मी तो उचलला. धाबळीत गुंडाळला. माझ्या वळकटीत घातला. हात कापत नव्हते माझे. ते कापायला पाहिजे होते ना?

मग मी उभा राहिलो आणि विचार केला. इतका स्वच्छ विचार मी आयुष्यात दुसऱ्यांदा केला नाही. आत्ता विचारतील, अस्वल भांड्यांच्या तंबूत का आलं? सगळा शिधा तर दोरावर आहे, जसाच्या तसा. मग काय होतं इथं?

मी शंभर पावलं चालत गेलो. दोराची गाठ सोडली. पोती खाली आली. बाबूलालची झोळी काढून घेतली, पोती पुन्हा वर चढवली, गाठ मारली. त्याची गाठ वेगळी होती, मला तशी आली नाही. कुणाच्या लक्षात आली नाही. मग परत येऊन मी त्याच्या खाटेखाली झोळी उलटी केली. फुलं पिवळी, ओलसर, गोड वासाची. ती थोडी पसरली. थोडी पायानं चिरडली, अस्वलानं तुडवल्यासारखी.

हे आहे ते. हेच सांगायचं होतं. डब्याची गोष्ट मी कधीतरी, कुणाला तरी, रडतबिडत सांगू शकलो असतो. चूक झाली म्हणालो असतो, देवाधर्माचं म्हणालो असतो, लोकांनी पाठीवरून हात फिरवला असता. ही गोष्ट कुणाला सांगणार?

दाणी साहेब जीप घेऊन कन्नौदला गेले होते, तिथून त्याला इंदूरला नेलं. ते दुपारी परतले तेव्हा शर्ट बदललेला नव्हता. जंगल खात्याच्या नाक्यावरचा एक माणूस बरोबर होता. साहेबांनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, खरं सांगा. तंबूत खायचं काही होतं?"

"आपलं काही नव्हतं," मी म्हणालो. "बाबूलालच्या खाटेखाली मोहाची झोळी होती. मी काल सांगणार होतो त्याला. म्हटलं, त्याचं जंगल, त्याला कळतं."

शेवटचं वाक्य मी का जोडलं? ते कुणी विचारलं नव्हतं.

नाक्यावरच्या माणसानं फुलं बघितली, डोकं हलवलं. "जंगल का आदमी होके," एवढंच म्हणाला. साहेब तिथंच खाली बसले. आम्ही त्याच संध्याकाळी देवासला परत आलो.

ज्येष्ठात साहेब त्याला बघायला त्याच्या गावी गेले. मला म्हणाले, चला. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. बाबूलाल ओट्यावर बसला होता. डावा डोळा गेला होता, गाल शिवलेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, बोलताना लाळ यायची आणि तो पंच्यानं टिपायचा. त्याची बायको रामकली हिनं पाणी आणलं. मी घेतलं नाही. उपास आहे म्हणालो. उपासाला पाणी चालतं, हे तिलाही ठाऊक असणार. तिनं तांब्या परत नेला.

ती साहेबांना सांगत होती की आता याला कुणी जंगलात बरोबर नेत नाही. गावातली माणसं म्हणतात, ज्याला स्वतःची झोळी टांगायची अक्कल नाही, तो आमची पोरं काय राखणार. आणि मोहाची फुलं यानं सोडली. हात लावत नाही. तिला एकटीला वेचायला जाऊ देत नाही, आणि स्वतः जात नाही. कोरकूच्या घरात चैत्रात मोह नाही म्हणजे काय, ते तुम्हाला शहरात बसून कळायचं नाही. मलाही तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं, मोह विकूनच त्यांच्या घरात मीठ-मिरची येते.

मग बाबूलाल माझ्याकडं वळला. त्या एका डोळ्यानं नीट बघितलं. मला वाटलं, आता बोलणार. ओळखलं यानं. आणि — ऐका — भीतीच्याही आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं.

त्यानं हात जोडले.

"महाराज, म्हने तो याद है के झोळी टांगी थी. म्हारा हाथ से टांगी थी. पण तमने देखी तो नीचेज होयगा. तम झूठ कायको बोलोगा? भूल हुई गी म्हारी. टाबरा-टाबरी था वां. किणी के कई हुई जातो तो? माफ करजो."

टाबरा-टाबरी म्हणजे पोरंबाळं. त्याला त्याच्या तोंडाची पडली नव्हती. आमच्या पोरांना काही झालं असतं तर, याची पडली होती. त्याची आठवण खरी होती, लख्ख होती, आणि माझ्या एका शब्दाखातर त्यानं स्वतःची आठवण खोटी मानली. कारण मी महाराज. कारण देवीचा नैवेद्य करणारा माणूस खोटं कशाला बोलेल?

आणि मी काय केलं?

मी त्याला माफ केलं.

"होता है बाबूलाल," मी म्हणालो. "मैंने माफ किया." साहेबांसमोर. खांद्यावर हात ठेवून. त्याच्या अंगाला मी पहिल्यांदाच हात लावत होतो. साहेब परत येताना गाडीत म्हणाले, "भाऊ, तुमचं मन मोठं आहे." मी खिडकीतून बाहेर बघत होतो. त्या वाक्याचं काय करायचं असतं? बारा वर्षं ते माझ्याकडं पडून आहे.

गेल्या फाल्गुनात बाबूलाल गेला. साहेबांचा फोन आला. ते आता नाशिकला असतात, थकलेत. फोन ठेवल्यावर मला पहिलं काय वाटलं ते लिहितो, म्हणजे तुमच्या मनात माझ्याबद्दल काही शिल्लक राहायला नको. मला हलकं वाटलं. वाटलं, आता ज्याला सांगायचं तोच राहिला नाही. सुटलो. मी चहा करून घेतला. अर्धा प्यालो. मग ते हलकं वाटणं जे गेलं ते गेलं, आणि त्याच्या जागी जे आलं ते अजून बसलंय. रामकली आहे अजून, हो. लोहारद्याकडं लेकीपाशी असते म्हणतात. तिला जाऊन सांगता येईल. बस जाते. मी त्या बसच्या वेळा पाठ केल्यात. गेलो नाही. जाईन असं तुम्हाला वचन देत नाही, स्वतःला ओळखतो मी.

त्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं. अस्वलाच्या दुसऱ्या दिवसाचं. इंदूरला त्याच्या गालाला टाके पडत होते तेव्हा मी देवासला आमच्या घरात होतो आणि मला एकच काळजी होती, डबा उष्टावला, आता शुद्ध कसा करायचा. नवमी होती. पहाट सरता सरता मी डबा वळकटीतून काढला. चिंच लावून घासला, मग राखेनं, मग पुन्हा चिंचेनं. पोचे होते ते लाकडी मोगरीनं आतून ठोकून काढले. दोन भोकं राहिली. त्यांना बाहेरून कणीक लावली. मग आंघोळ केली, मौन धरलं, आणि चुकलेल्या नैवेद्यासाठी पुन्हा डाळ शिजत घातली. बायकोनं मागून विचारलं, "हात का थरथरतायत?" मौन होतं. मी उत्तर दिलं नाही. पुरण वाटलं, जायफळ उगाळून घातलं, डब्यात भरलं, देवीपुढं ठेवलं, पाणी फिरवलं.

मग पानावर बसलो आणि जेवलो. पुरण चांगलं झालं होतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.